झिरो माइल २५×२५ : दुसरं उत्तर सापडलं, आणि अखेर गेलं

मागच्या वेळी झिरो माइलचं (नागपुरातलं घोडे आणि खांब असलेलं स्मारक) नोनोग्राम पूर्ण झालं असं मी लिहिलं होतं. नोनोग्राम म्हणजे चौकटींचं चित्रकोडं: ओळी आणि रकान्यांच्या कडेचे आकडे, म्हणजे क्लू, सलग किती घरं काळी करायची ते सांगतात, दोन गटांमध्ये किमान एक घर रिकामं राहतं, आणि उत्तर एकच असायला हवं. ते मागे घेतो. रविवारी आत्यानं ते सोडवून माझ्यापुढे ठेवलं. सगळे क्लू जुळत होते, पण चित्र माझं नव्हतं.

फरक इवलासा. डाव्या घोड्यापुढे मी गवताची दोन पाती काढली होती: २३व्या ओळीत दुसरं घर, २४व्या ओळीत तिसरं. आत्याकडे ती दुसऱ्या बाजूला तिरपी झाली होती. "क्लू दोन्हीकडं बसतात नं रे, मग तुझंच बरोबर काऊन?" तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. आजूबाजूला काळं काही नसलं की अशी तिरपी जोडी कुठल्याही कर्णावर बसते. आडव्या ओळींना १ आणि १, रकान्यांनाही १ आणि १. घोड्यांचे पाय मी दहा वेळा तपासले होते, सजावटीकडे पाहिलंच नव्हतं.

२४व्या ओळीतलं दुसरं घरही भरलं. ओळ २ झाली, रकाना २ झाला, गवताचा झुबका झाला आणि जागा पक्की झाली. आता संपलं असं वाटलं. तरी खात्रीसाठी आपला पायथॉनचा सॉल्व्हर (कोड्याची सगळी उत्तरं शोधणारा प्रोग्राम) लावला, तर तो म्हणतो उत्तरं २. म्हणजे आधी चार होती!

यात तीन संध्याकाळी गेल्या. बाहेर मे महिना, आत कुलरची घरघर, आणि मी पेन्सिलनं ओळीमागून ओळ. सुरुवात नेहमी छान होते: चौथऱ्याच्या ओळीचा क्लू १७, म्हणजे डावीकडून लावा की उजवीकडून, ९ ते १७ ही नऊ घरं काळीच. तिथून घोड्यांची पोटं, मग माना. सगळं सरळ सुटायचं आणि शेवटी वर आभाळात येऊन अडायचं. उएदा आणि नागाओ यांनी १९९६ मध्ये दाखवलं की एक उत्तर हातात असतानाही दुसरं आहे का हे ठरवणं एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे मोठ्या कोड्यांसाठी ते झटपट ठरवायची पद्धत कुणालाच माहीत नाही. नुसत्या नजरेनं हे सापडत नाही, हे या आठवड्यात पुरतं पटलं.

शेवटी सॉल्व्हरची दोन्ही उत्तरं छापली आणि दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. उन्हात चारच घरं वेगळी दिसली. घारी! दुसऱ्या ओळीत चौथ्या रकान्यात एक घार, चौथ्या ओळीत विसाव्या रकान्यात दुसरी. दोघींमध्ये सोळा रकान्यांचं अंतर, म्हणून माझा संशय तिथे गेलाच नाही. पण दोन्ही ओळींत दुसरं काहीच नाही, दोन्ही रकान्यांत वरून पहिला गट १ चाच, त्यामुळे त्या खुशाल जागा बदलू शकत होत्या. गवताचंच दुखणं, फक्त लांबवर पसरलेलं.

घारी काढून टाकायला मन होईना. नागपूरच्या आभाळात घारी नाहीत असं कसं चालेल? मग सुचलं की खांबच वर न्यावा. तो पाचव्या ओळीपासून सुरू होत होता, तो दुसऱ्या ओळीपासून केला. आता दुसरी ओळ "१ ३", चौथी ओळ "३ १". खांब मध्ये उभा राहिला, आणि घारींना आपापली बाजू सोडताच येत नाही. सॉल्व्हर: उत्तर १. शिवाय तीन ओळी वाढल्यावर तो वालुकाश्माचा खांब पहिल्यांदा खऱ्यासारखा उंच दिसतोय. तो कागद मी अर्धा तास बघत बसलो होतो.

साधनांबद्दल: बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) आणलेल्या नव्या चौकटीच्या वहीत रेघा पानाच्या उजवीकडे सरकत जातात, पंचविसाव्या रकान्यापर्यंत क्लू शेजारच्या घरावर दिसतो. परत नाही घेणार. ०.५ ची एचबी पेन्सिल मात्र उत्तम. २बी हाताखाली पसरते आणि रिकाम्या घरांतले खुणेचे ठिपके दिसेनासे होतात.

पुढे दीक्षाभूमीचा स्तूप ३०×३० करायचा विचार होता. पण हे लिहिताना वाटतंय, आधी झिरो माइलच रंगीत करावं. एक पातं हिरवं, एक मेमधलं वाळलेलं पिवळं. मग झुबक्याची गरजच नाही. क्लूही रंगीत असतात: ओळीतला १ हिरवा, रकान्यातला १ हिरवा, अदलाबदल आपोआप बंद. घारींच्या खांबाला हात लावणार नाही. आणि रंगीतच करायचं तर त्यानंतर संत्र्याची फांदी. वेगळ्या रंगाचे गट एकमेकांना चिकटू शकतात, त्यामुळे फोडी दाखवता येतील. स्तूप थांबेल.

नवी प्रत आत्याकडे पोचवली आहे. संध्याकाळी फोन आला: "घार डावीकडंच बसली बाप्पा. आता घोडे पाहते."