तुम्ही विचारलंत म्हणून: लॅप स्टीलवरचा खरखरीत ब्लूज

"इलेक्ट्रिक लॅप स्टीलवरचा ब्लूज ऐकायचाय, पण गोडगोड नको. कुठून सुरुवात करू?" गिटारच्या गप्पा निघाल्या की हा प्रश्न मला हमखास येतो. (लॅप स्टील म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार, ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं-बजावणं.) एका नावात उत्तर हवं असेल तर हॉप विल्सन, टेक्ससमधल्या ह्यूस्टनचा. त्याची १९५८ पासूनच्या तीनेक वर्षांतली रेकॉर्डिंग्ज शोधा. ती मिळाली तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

'गोडगोड नको' ही अट मला समजते. आपल्याकडे हे वाद्य 'हवाईयन गिटार' म्हणून पोचलं. विविध भारतीवर सिनेमाच्या गाण्यांच्या धुना लागायच्या, त्यांत व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली ही नावं असायची. गाण्यातले शब्द गायब, आणि उरलेली प्रत्येक मींड तुपात घोळलेली. मला त्या धुना आवडतात, शिप्लेबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी भांडेन. पण त्यांनी एक समज पक्का करून ठेवला: गिटार मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या बारने वाजवायची म्हणजे लाडिक प्रकरण.

वाद्य मुळात हवाईचंच. जोसेफ केकुकूने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत तिथे रुजवली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकेला तिचं वेड लागलं. त्या वेडातून काळे गायक-वादकही सुटले नाहीत. केसी बिल वेल्डन तीसच्या दशकात शिकागोत 'हवाईयन गिटार विझर्ड' अशी पदवी लावून ब्लूजच्या तबकड्या काढत होता. टेक्ससमध्ये ब्लॅक एस नावाने गाणारा बेब कायरो लेमन टर्नर धातूच्या अंगाची नॅशनल गिटार मांडीवर घ्यायचा आणि बारऐवजी औषधाची छोटी बाटली तारांवर फिरवायचा. त्याचं १९६० साली अर्हूली या रेकॉर्ड कंपनीने केलेलं रेकॉर्डिंग विजेशिवायचं आहे, म्हणून तुमच्या प्रश्नात बसत नाही. तरी ऐका. हॉप कुठून आला ते त्यात कळतं.

वीज आली तीही आधी मांडीवरच. बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे रिकनबॅकरची १९३२ची ॲल्युमिनियमची लॅप स्टील. गोल पोट, लांब दांडा, म्हणून तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत.

आता खरखर. पुष्कळांना वाटतं की ती ॲम्पमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातून येते. थोडी येतेच, छोटा व्हॉल्व्हचा ॲम्प त्याच्या ताकदीपलीकडे ढकलला की आवाज फाटतो. पण नुसता फाटका आवाज कंटाळवाणा असतो. लॅप स्टीलमध्ये तारा इतक्या उंच असतात की बार खाली दांड्यावरच्या पट्ट्यांना टेकतच नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत काही आडवं येत नाही, त्यामुळे घसरणं फुकट मिळतं आणि सगळी गोडी तिथूनच सुरू होते. ब्लूजवाल्यांचं कसब थांबण्यात आहे. बार सुराच्या थोडा खाली, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेत नेऊन ठेवायचा, तिथेच थरथरवायचा आणि वर पोचायच्या आत तारेचा आवाज बंद करून टाकायचा. ऐकणाऱ्याची मींड अर्धीच राहते.

हॉप विल्सन हेच करतो. 'चिकन स्टफ' ही १९५८ची रेकॉर्ड लुइझियानातल्या लेक चार्ल्सच्या गोल्डबँड कंपनीने काढली. कलाकाराचं नाव 'हॉप विल्सन अँड हिज टू बडीज', म्हणजे तीनच माणसं. आठ तारांची स्टील, मागे आयव्हरी ली सेमियनचा ड्रम, आणि नाचायला लावणारा ठेका. पण माझं मन जास्त रमतं ते पुढच्या गाण्यांत. सेमियनने स्वतःचीच 'आयव्हरी' नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली आणि १९६०-६१ मध्ये हॉपकडून गाऊन घेतलं. त्यातलं 'माय वुमन हॅज अ ब्लॅक कॅट बोन' हे मला वाटतं या वाद्यावरचं सर्वांत खरं गाणं. काळ्या मांजराचं हाड ही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या हूडू प्रथेतली मंतरलेली वस्तू. बाईकडे ती आहे आणि त्यामुळे याचं काही चालत नाही, अशी तक्रार. हॉप एक ओळ दमलेल्या आवाजात म्हणतो आणि उत्तर स्टीलला देऊ देतो. उत्तर चार-पाच सुरांचं, कधी त्याहून कमी. सोलो घ्यायची संधी आली तरी तो फार हलत नाही. त्याच कप्प्यातलं 'आय ॲम अ स्ट्रेंजर'ही ऐका.

हेच 'ब्लॅक कॅट बोन' १९८५ साली अल्बर्ट कॉलिन्स, रॉबर्ट क्रे आणि जॉनी कोपलंड यांनी 'शोडाउन!' या अल्बमवर घेतलं आणि त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. ते पाहायला हॉप नव्हता, तो १९७५ मध्येच ह्यूस्टनमध्ये वारला. त्याला दौरे करायला आवडत नसे, त्यामुळे शहराबाहेर फार कोणी त्याला प्रत्यक्ष ऐकलंच नाही. नंतर 'ह्यूस्टन घेटो ब्लूज' या नावाने निघालेल्या संग्रहात आयव्हरीची गाणी एकत्र मिळतात.

मग पुढचा प्रश्न येतो: ही स्टील वाजवणारे ब्लूजवाले बहुतेक टेक्ससचेच कसे? हॉप मूळचा ग्रेपलंडचा, एल. सी. रॉबिन्सन ब्रेनमचा, सनी ऱ्होड्स स्मिथव्हिलचा, ब्लॅक एस ह्यूज स्प्रिंग्जचा. माझं उत्तर रेडिओ. बॉब विल्सच्या वेस्टर्न स्विंग बँडमध्ये, म्हणजे गोऱ्यांच्या नाचाच्या बँडमध्ये, लिऑन मॅकऑलिफ इलेक्ट्रिक स्टील वाजवायचा, १९३६ची 'स्टील गिटार रॅग' त्याचीच. नाचघरांच्या दारावर गोऱ्या-काळ्यांची वाटणी होती, रेडिओच्या लहरींवर ती करता येत नव्हती. रॉबिन्सनने स्टील थेट मॅकऑलिफकडूनच उचलली असं सांगितलं जातं. तो फिडलही वाजवायचा, आणि त्याच्या स्टीलमध्ये ती फिडल ऐकू येते: लांब, ताणलेले, किंचित उर्मट सूर. पुढे तो कॅलिफोर्नियात स्थायिक झाला. अर्हूलीने १९७१ साली काढलेल्या त्याच्या 'अप्स अँड डाउन्स'मध्ये साथीला शिकागोच्या नामांकित ब्लूज गायकाच्या, मडी वॉटर्सच्या बँडची मंडळी आहेत. हॉपला साथ जेमतेम होती, इथे ती भरभक्कम आहे, आणि त्या गर्दीतही स्टील दबत नाही.

सनी ऱ्होड्स रॉबिन्सनकडे बघून या वाद्याकडे वळला. डोक्यावर फेटा, मांडीवर स्टील. गळा उत्तम, पण रेकॉर्डिंग्ज कधीकधी जरा जास्तच धुऊन-पुसून काढल्यासारखी वाटतात. १९९१चं 'डिसायपल ऑफ द ब्लूज' त्यातल्या त्यात बरं. विज्ञानकथांच्या मालिका बघणाऱ्यांनी त्याचा आवाज ओळखला असेल, 'फायरफ्लाय'चं शीर्षकगीत त्याने गायलंय.

टेक्ससबाहेरचा एकच माणूस मला हॉपच्या शेजारी बसवावासा वाटतो: फ्रेडी रूलेट, शिकागोजवळच्या एव्हन्स्टनचा. गिटारवादक अर्ल हूकरच्या 'टू बग्ज अँड अ रोच' या अल्बमवर तो आहे. रेकॉर्डिंग १९६८चं, शिकागोतलं. शीर्षकातली किड्यांची भाषा क्षयाबद्दलची. हूकरला तो रोग होता आणि १९७० मध्ये त्यानेच तो चाळिशीत गेला. हूकर स्वतः स्लाइडचा, म्हणजे बोटातली नळी तारांवर घसरवत वाजवण्याचा बादशहा, त्याने आणखी एक घसरणारं वाद्य बँडमध्ये का घ्यावं? ऐकलंत की कळेल. हूकर गातो, रूलेट बडबडतो. मधूनच हसल्यासारखे, टोमणा मारल्यासारखे आवाज काढतो. रूलेटचा स्वतःचा 'स्वीट फंकी स्टील' १९७३चा. त्यातलं 'स्वीट' मनावर घेऊ नका.

कोणी जेफ हीलीचं नाव सुचवलं तर ते बाजूला ठेवा. त्या अंध कॅनडियन वादकाने मांडीवर घेतलेली गिटार साधी होती आणि तो बोटांनी तारा दाबायचा. डेव्हिड लिंडलीचा लॅप स्टील जॅक्सन ब्राउनच्या १९७७च्या 'रनिंग ऑन एम्प्टी'मध्ये अप्रतिम आहे, पण तो ब्लूज नव्हे. नवं काही हवं तर बेन हार्परने चार्ली मसलव्हाइटबरोबर केलेलं 'गेट अप!' (२०१३). त्यातलं 'आय डोन्ट बिलीव्ह अ वर्ड यू से' मोठ्याने लावा, शेजारी समजूतदार असतील तर.

आणि एक भर, जी कोणी विचारत नाही. हाउस ऑफ गॉड या काळ्या लोकांच्या पेंटेकोस्टल (एक ख्रिस्ती पंथ) चर्चमध्ये १९३०च्या दशकापासून उपासनेत इलेक्ट्रिक स्टील वाजते. बाहेरच्या जगाला ती नीट कळली १९९७ साली, अर्हूलीने 'सेक्रेड स्टील' नावाचा संग्रह काढला तेव्हा. त्यातला ऑब्रे गेंट लॅप स्टीलवरच वाजवतो. पुढे गाजलेला रॉबर्ट रँडॉल्फ याच परंपरेतला, पण त्याचं वाद्य पेडल स्टील, पायाने सूर बदलणारं. चर्चमधली ही मंडळी आपल्या वाजवण्याला ब्लूज म्हणवून घेणार नाहीत, आणि त्यांच्यासमोर तुम्हीही म्हणू नका. घरी मात्र हॉपचं गाणं संपल्यावर लगेच गेंट लावून बघा, आणि बार कोण कुठे थांबवतो तेवढं ऐका.