पिंगचं उत्तर येत होतं, पण प्रिंटरकडून नाही

प्रिंटर दिवसातून दोन-तीनदा गायब व्हायचा. प्रिंट द्यायची, कागद यायचा नाही, आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत. मी केबल बदलली, स्विचवरचं पोर्ट बदललं, ड्रायव्हर नव्याने टाकला. मला खरं चकवलं ते पिंगने, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारून उत्तर येतं का ते बघणाऱ्या कमांडने. प्रिंट अडकलेली असतानाही १९२.१६८.१.५० या प्रिंटरच्या आयपीकडून (नेटवर्कवरच्या पत्त्याकडून) उत्तर यायचं, म्हणून नेटवर्क ठीक आहे असं धरून मी दोन दिवस भलतीकडेच शोधत राहिले.

तिसऱ्या दिवशी प्रिंट अडकली तेव्हा लगेच ‘एआरपी -ए’ ही कमांड चालवली; कोणत्या आयपीसमोर कोणता मॅक आहे ते टेबल ती दाखवते. .५० समोर दिसणारा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता; ० ते ९ आणि ए ते एफ यांच्या सहा जोड्यांचा) ‘डीए’ने सुरू होत होता. प्रिंटरमागच्या स्टिकरवरचा ‘००’ने. उत्तर दुसरंच कुणीतरी देत होतं!

आपण आयपी टाइप करतो, पण केबलमधून किंवा वाय-फायवरून जाणाऱ्या फ्रेमवर (डेटाच्या बाहेरच्या वेष्टनावर) लागतो तो मॅक अ‍ॅड्रेस. नेटवर्क कार्डाला तोच कळतो. मग माझ्या कॉम्प्युटरला प्रिंटरचा मॅक कळतो कसा? तो सरळ सगळ्यांना विचारतो: ‘१९२.१६८.१.५० कोणाकडे आहे? मला सांगा.’ या फ्रेमवर पाठवायचा पत्ता म्हणून सगळे एफ असतात, म्हणजे ती त्या नेटवर्कातल्या प्रत्येकाला मिळते. ज्याचा तो आयपी आहे तो आपला मॅक कळवतो आणि ती जोडी काही काळ टेबलात राहते. हे एआरपी. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ मध्ये ते आरएफसी ८२६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडलं आणि आयपीव्ही४ च्या नेटवर्कात आजही तेच चालतं. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: उत्तर देणारा खरं बोलतो. खरेखोटेपणा तपासायची सोयच नाही. माझ्याकडे .५० म्हणवणारी दोन उपकरणं होती आणि टेबलात कधी एकाचा मॅक बसायचा, कधी दुसऱ्याचा.

दोन पत्ते हवेतच कशाला, असं नवीन शिकणारे मला हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. मॅक ४८ बिटांचा. कारखान्यात दिलेल्या मॅकचे पहिले २४ बिट साधारणपणे कार्ड कोणी बनवलं ते सांगतात. कार्ड आत्ता जगात कुठे आहे, याचा त्यात मागमूस नसतो. नुसत्या मॅकवर इंटरनेट चालवायचं तर प्रत्येक राउटरला जगातलं प्रत्येक कार्ड लक्षात ठेवावं लागेल. आयपीत नेटवर्कचा भाग वेगळा असतो, त्यामुळे राउटरला अख्ख्या नेटवर्कची एकच नोंद पुरते.

मला यातला सर्वांत सुंदर वाटणारा भाग मात्र पुढचा आहे. दूरच्या सर्व्हरला पॅकेट पाठवताना आयपी त्या सर्व्हरचा असतो, पण फ्रेमवर मॅक असतो गेटवेचा, म्हणजे आपल्या राउटरचा. सर्व्हरचा मॅक आपल्याला कधी कळतच नाही, कळायची गरजही नसते. राउटर आलेली फ्रेम उतरवतो, आतल्या पॅकेटचा टीटीएल (अजून किती टप्पे जाता येईल तो आकडा) एकने कमी करतो आणि पुढच्या टप्प्याच्या मॅकची नवी फ्रेम चढवतो. असं दहा-पंधरा वेळा होतं. मुक्कामाचा आयपी तोच राहतो, मॅक टप्प्याटप्प्याला बदलतो. (घरच्या राउटरवर नॅटमुळे पाठवणाऱ्याचा आयपी बदलतो, ते प्रकरण निराळं.) वायरशार्क या नेटवर्कवरची पॅकेट उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे एकदा स्वतः बघाच. एका पॅकेटचे दोन थर उघडले की दोन्ही पत्ते एकाखाली एक दिसतात.

तर तो ‘डीए’. मॅकच्या पहिल्या जोडीत दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातला नसतो, नंतर ठरवलेला असतो. हल्लीचे फोन वाय-फायला जोडताना असे पत्ते स्वतःच बनवतात. म्हणजे कुणाचा तरी फोन! प्रिंटरला .५० हाताने दिलेला होता, आणि तोच आकडा राउटरच्या डीएचसीपीच्या, म्हणजे आपोआप आयपी देण्याच्या, वाटपातही होता. प्रिंटर बंद असताना राउटरने तो मोकळा समजून फोनला देऊन टाकला. फोनवाला माणूस बाहेर गेला की प्रिंट सुरू.

राउटरमध्ये जाऊन स्टिकरवरच्या मॅकसाठी .५० राखून ठेवला, प्रिंटर ऑटोमॅटिकवर आणला आणि फोनचं वाय-फाय बंद-चालू करायला लावलं. कॉम्प्युटरवरचं एआरपी टेबल पुसून पुन्हा पिंग केलं, पुन्हा ‘एआरपी -ए’. या वेळी .५० समोर ‘००’ होतं, आणि मी स्टिकरशी सहाही जोड्या बोट ठेवून जुळवल्या.