जुन्या तक्त्यांतली वाहकता आजच्या सीमेन्समध्ये आणताना

क्षारांच्या द्रावणांची वाहकता, म्हणजे त्यांतून वीज किती सहज वाहते ते, देणारे एकोणिसाव्या शतकातले तक्ते आजच्या सीमेन्स या एककात उतरवायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा वाटलं होतं की एक गुणक शोधायचा, स्प्रेडशीटमध्ये टाकायचा, की झालं. धास्ती होती ती शेवटच्या टप्प्याची, म्हणजे निसर्गाच्या स्थिरांकांवर बेतलेल्या आजच्या क्वांटम मानकापर्यंत पोचायची. प्रत्यक्षात तो टप्पा चुटकीसरशी उरकला. घाम फोडला तो पाऱ्याने.

१८६० मध्ये जर्मन अभियंते वेर्नर सीमेन्स यांनी रोधाचं एकक म्हणून पाऱ्याचा स्तंभ सुचवला: लांबी १ मीटर, छेद १ चौरस मिलिमीटर, तापमान ० अंश सेल्सिअस. त्या काळच्या कित्येक तक्त्यांत द्रावणाची वाहकता पाऱ्याच्या तुलनेतच दिलेली असते. हे एकक किती ओहमचं, हे पाहायला गेलं की बऱ्याच ठिकाणी ०.९५३ हा आकडा मिळतो. मला तो खटकला. कारण १८९३ च्या शिकागो परिषदेतला आंतरराष्ट्रीय ओहम म्हणजे तशाच छेदाचा १०६.३ सेंटिमीटरचा पारा. मग १०० भागिले १०६.३ म्हणजे ०.९४०७ यायला हवं. दोन्ही आकड्यांत सव्वा टक्क्याहून जास्त फरक!

उलगडा झाला तो १८६० च्या दशकातल्या ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या ओहमपाशी. तो आंतरराष्ट्रीय ओहमच्या साधारण ०.९८६६ पट भरतो. ०.९४०७ ला ०.९८६६ ने भागलं की ०.९५३५ येतात. म्हणजे दोन्ही आकडे खरेच, फक्त ओहम वेगवेगळे. शिवाय मध्येच १८८४ चा, १०६ सेंटिमीटर पाऱ्याचा ‘लीगल ओहम’ आहेच. त्याचा फरक पाव टक्क्याच्या थोडा वर. त्यामुळे तक्ता कधी छापला यापेक्षा मोजणी कधीची आणि कोणत्या ओहमवर बेतलेली, हे आधी पाहावं लागतं. हे बहुधा तळटीपेत असतं, आणि तळटीप म्हणजे स्कॅनमध्ये हमखास पुसट येणारी जागा.

एक ओळ करून दाखवतो. समजा, पाऱ्याची वाहकता १ कोटी धरली तर द्रावणाची १.१५२ आहे. ० अंशाला पाऱ्याची वाहकता दर सेंटिमीटरला १०,६३० आंतरराष्ट्रीय म्हो (म्हो म्हणजे ओहमच्या उलट, वाहकतेचं जुनं एकक). गुणाकार केला की ०.००१२२४६. पुढे १ जानेवारी १९४८ चा बदल येतो: त्या दिवसापासून आंतरराष्ट्रीय एककं जाऊन निरपेक्ष एककं आली, आणि १ आंतरराष्ट्रीय ओहम म्हणजे १.०००४९ ओहम ठरला. वाहकता रोधाच्या उलट, म्हणून इथे गुणायचं नाही, भागायचं. उत्तर दर सेंटिमीटरला १.२२४ मिलिसीमेन्स. १९७१ मध्ये म्होला सीमेन्स हे अधिकृत नाव मिळालं, पण त्यात आकडा हलत नाही.

आता क्वांटम टप्पा. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फॉन क्लिट्झिंग यांना १९८० मध्ये क्वांटम हॉल परिणाम सापडला (अतिथंड तापमानात, प्रबळ चुंबकीय क्षेत्रात पातळ थराचा रोध ठरावीक पायऱ्यांनीच बदलतो), आणि रोधाचं मानक पाऱ्याच्या नळीऐवजी निसर्गाच्या स्थिरांकांवर टेकवता आलं. १९९० पासून त्यातल्या मूळ रोधासाठी २५,८१२.८०७ ओहम हे मूल्य सर्वांनी मान्य करून वापरलं. २० मे २०१९ पासून प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांचीच मूल्यं कायमची ठरवली गेल्याने तो रोध २५,८१२.८०७४५… ओहम असा आपोआप निघतो. या दोन आकड्यांतला फरक दहा कोटींत जेमतेम दोन भाग. मानक रोधांचं कॅलिब्रेशन करणाऱ्या प्रयोगशाळांना तो महत्त्वाचा. माझ्या चार अंकी आकड्यांना त्याचा वाराही लागत नाही.

हौस म्हणून वाहकतेच्या क्वांटममध्येही, म्हणजे अतिसूक्ष्म तारेतल्या एका मार्गिकेच्या वाहकतेच्या पटीत, आकडा काढला. १ सीमेन्स म्हणजे सुमारे १२,९०६.४ क्वांटम. त्या हिशेबाने आपल्या द्रावणाच्या एक सेंटिमीटर बाजूच्या घनाची वाहकता येते जेमतेम १५.८ क्वांटम. आकडा गमतीचा आहे, पण त्याला भौतिक अर्थ चिकटवू नये. पाण्यातले आयन रेटारेटी करत सरकतात. अतिसूक्ष्म तारेतून न अडखळता जाणाऱ्या इलेक्ट्रॉनसारखे ते मोजून मार्गिकांतून जात नाहीत.

या सगळ्यापेक्षा मोठा खड्डा तापमानाचा. द्रावणांची वाहकता मोजणारे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कोलराउश यांनी प्रत्यावर्ती (दिशा बदलत राहणारा) प्रवाह वापरून, टेलिफोनच्या श्रवणिकेत आवाज किमान होईपर्यंत सेतू (रोधांची तुलना करणारं मंडल) जुळवत मोजणी केली, आणि त्यांचे प्रसिद्ध आकडे १८ अंशांचे आहेत. आज संदर्भ सहसा २५ अंशांचा असतो. लिटरला ०.०१ मोल पोटॅशियम क्लोराइडची वाहकता १८ अंशांना दर सेंटिमीटरला सुमारे १.२२ मिलिसीमेन्स, तर २५ ला १.४१. म्हणजे १५ टक्के! सरसकट ‘अंशाला २ टक्के’ लावून आकडे २५ वर ओढायचा मोह मी टाळला, कारण हा दर क्षारागणिक आणि संहतीगणिक बदलतो. १८ चा आकडा १८ चाच ठेवला.

शेवटी तक्त्यात मूळ आकडा, मूळ ओहम, तापमान आणि रूपांतरित आकडा असे वेगळे रकाने केले. ज्या ओळींचा ओहम कोणता ते कळलं नाही, त्यांचा शेवटचा रकाना कोरा आहे.