राजीनाम्यावर सही करू नका

आमच्या ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर एक मुलगी आहे, विरारहून अंधेरीला येते, दिवस गेलेत, पाचवा महिना चालू आहे. मागच्या आठवड्यात एचआरने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि टाइप करून ठेवलेला राजीनामा पुढे सरकवला, वर टोपण काढलेलं पेनसुद्धा तयार. "तब्येत सांभाळ गं, बाळ झालं की ये, आपण बघू." असं गोड बोलून. तिने घरी विचारून सांगते म्हणून वेळ मारून नेली आणि तशीच माझ्याकडे आली, रडायच्या बेतात होती.

अगं बायांनो, कितीही आपलेपणाने बोलले तरी त्या कागदावर सही करू नका. काढून टाकलं तर भांडता येतं, पण स्वतःहून सोडलं असं लिहून दिलंत की तेच कागद तुमच्यासमोर नाचवणार.

1961 चा प्रसूती लाभाचा कायदा, त्यात 2017 ला बदल होऊन पहिल्या दोन मुलांसाठी 12 ऐवजी 26 आठवडे भरपगारी रजा झाली, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेवढीच आहे. त्यातले 8 आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. तारखेच्या आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं एवढीच अट, पर्मनंटच पाहिजे असं कुठेही नाही. सुप्रीम कोर्टाने 2000 साली दिल्ली महापालिकेतल्या रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क दिला आणि 2023 ला तर कॉन्ट्रॅक्ट मध्येच संपलं तरी पूर्ण लाभ द्यायचा असं सांगितलं. रजेवर असताना काढणं बेकायदा आहे, आणि दिवस गेलेले असताना काढलं तरी रजेचे पैसे बुडत नाहीत.

गर्भपात झाला तर 6 आठवडे पगारी रजा मिळते, हे तर मी विचारलं त्या कुणालाच माहीत नव्हतं, बायका बिचाऱ्या दोन दिवस सिक लीव्ह टाकून परत विरार लोकलच्या गर्दीत उभ्या राहतात, मला फार राग येतो याचा.

शेवटी आम्ही दोघींनी बसून एचआरला मेल लिहिला, डॉक्टरने दिलेली तारीख, रजा कधीपासून हवी, सगळं त्यात टाकलं. तोंडी काही नको, लेखीच ठेवा. अजून उत्तर नाही आलं, पण राजीनाम्याचा विषय परत कुणी काढला नाहीये.

आता पुढचं पाळणाघर. 50 किंवा त्याहून जास्त माणसं असली की ते द्यावंच लागतं, आणि आमच्या एका मजल्यावरच त्याहून जास्त आहेत. त्याचा अर्ज लिहायला घेतलाय, सह्या जमवतेय.