मग मोजायचं कशाला?

रविवार, रात्री साडेअकरा

दादा संध्याकाळच्या बसने नाशिकला गेला आणि जाताना ते एक वाक्य इथे ठेवून गेला. मी हौसेने लॅपटॉपवर डिरॅक उघडून दाखवत होतो, म्हणजे खोलीतला आवाज माइकने मोजून दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर. ही रेघ म्हणजे आपल्या खोलीत आवाज प्रत्यक्षात कसा पोचतो ती. ही दुसरी टार्गेट कर्व्ह, म्हणजे तो कसा पोचायला हवा ती. आणि ही बोटाने वरखाली करता येते, आपल्याला हवी तशी. त्याने चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "हवी तशीच ओढायची, तर मग मोजायचं कशाला?"

वहिनी आणि नेहा, दोघी हसल्या. मीही हसलो. त्याने चिवड्याची वाटी पुढे ओढली आणि विषय संपला. त्याच्यापुरता.

चेष्टाच होती, कळतंय मला. पण पंखा बंद करून, फ्रिज बंद करून, सोफ्यावर आणि आजूबाजूला माइक सरकवत बसणारा माणूस घरात एकटाच असतो. मधेच खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली की तो स्वीप, म्हणजे मोजणीचा चढत जाणारा सूर, पुन्हा. हे सगळं कुणी बघत नाही. बघतात ती शेवटची रेघ, आणि ती मी ओढलेली. आईच्या खोलीचं मी काय केलं यावर दादा अवाक्षर बोलला नाही. तेवढं बोलला असता तरी चाललं असतं. असो.

मोजायचं कशाला? खोली 14 बाय 10 फुटांची आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, दुसरीकडे जागाच नाही. 14 फुटांच्या लांबीत 40 हर्ट्झच्या आसपास आवाज भिंतींमध्ये अडकून घुमतो, आणि भिंतीलगत तो सगळ्यात जास्त घुमतो. सोफ्याला शेपूट फुटल्यासारखा सिनेमातला प्रत्येक स्फोट मागे रेंगाळायचा. तो फुगवटा डिरॅकने खाली बसवला, आणि ते कानाने जमलं नसतं. रुंदीतल्या 56 हर्ट्झचं उलटं आहे, तो नेमका मधल्या खुर्चीवर गायब होतो. तो खड्डा भरता येत नाही. जितका जोर द्यावा तितकाच जोर परतून येऊन त्याला खोडतो. हे मी दादाला सांगायला हवं होतं. पण तो विचारत होता ते वेगळंच.

सरळ सपाट रेघ का नाही ठेवत, असं त्याने विचारलं असतं तरी उत्तर होतं. स्पीकर खालचे सूर चहूकडे फेकतो आणि वरचे मुख्यतः समोर. त्यामुळे चांगला स्पीकरसुद्धा साध्या खोलीत मोजला की रेघ आपसूकच उजवीकडे, म्हणजे वरच्या सुरांकडे, उतरत जाते. ती ओढूनताणून सपाट केली तर आवाज पातळ आणि कर्कश होतो. मी करून बघितलंय. तानपुऱ्याची जवारी पत्र्यावर खडे सांडावेत तशी ऐकू आली.

पण किती उतरती? इथे दादा बरोबर आहे, आणि तेच सलतंय. 1974 मध्ये ब्रूल अँड केर या मोजणीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने घरातल्या आवाजासाठी एक उतरती टार्गेट रेघ सुचवली. सिनेमागृहांची एक्स-कर्व्ह वेगळी, 2 किलोहर्ट्झपर्यंत सपाट आणि पुढे दर सप्तकाला 3 डेसिबल खाली, पण ती मोठ्या हॉलसाठी. आणि हरमन या स्पीकरवाल्या कंपनीची, जी सगळे प्रमाण म्हणून मिरवतात? तिच्यासाठी तिथले संशोधक शॉन ऑलिव्ह आणि मंडळींनी लोकांच्या हातात बेस-ट्रेबलची बटणं दिली, आवडेल तसं लावा म्हणाले आणि सरासरी काढली. 2013 चा तो निबंध वाचताना मला केवढा आधार वाटला होता. आज वाटतंय, तीही शेवटी आवडच. फक्त माझी एकट्याची नाही.

मग मी 4 किलोहर्ट्झच्या पुढे जो दीड डेसिबल वर उचललाय, तो आवड म्हणून की कानांना आता कमी येतं म्हणून? परवा अर्णवने 14 किलोहर्ट्झचा सूर लावला. तो कानात बोटं घालून बसला होता आणि मी विचारत होतो, लावलास का? बाबांचा ट्रेबलही शेवटी शेवटी पूर्ण उजवीकडे असायचा.

जाऊ दे. फारच रडगाणं झालं.

भांडी लावताना उत्तर सुचलं, म्हणजे दादा सिन्नरच्या पुढे गेला असेल तेव्हा. शिंपी आधी माप घेतो आणि मग विचारतो, सैल ठेवू की घट्ट? तेव्हा आपण त्याला म्हणतो का, की मग माप कशाला घेतलंस? मनातल्या मनात दोनतीनदा ऐकवलं त्याला. फोन लावावासाही वाटला. पण दादा म्हणेल, "शिंपी दर रविवारी माप घेत नाही." तेही खरंच. नाही लावला.

त्याऐवजी एक काम उरकलं. वरच्या पट्टीतली दुरुस्ती काढून टाकली, डिरॅकचा पडदा, म्हणजे दुरुस्ती कुठवर करायची ती हद्द, 300 हर्ट्झवर आणून ठेवला. त्याखाली खोलीचं राज्य आहे, तिथे यंत्राने काय ते करावं. त्याच्या वरच्या पट्टीत माइक थेट आवाज आणि भिंतीवरून आलेला आवाज एकात एक मिसळून मोजतो, कान तसं करत नाहीत. स्पीकर बनवणाऱ्याने काही विचार केलाच असेल. जवारी सुटी झाली. माझा तो दीड डेसिबलही गेला, आणि त्याची मला फारशी आठवण आली नाही, याचा जरा रागच आला.

नेहा चहा घेऊन आली तर म्हणाली, रिसीव्हरमध्ये अशा रेघा साठवायला तीन जागा आहेत ना? एक माझ्या नावाची कर. तिला बसवलं, लॅपटॉप दिला. तिने डावीकडचा ठिपका धरून रेघ वर नेली, ऐकलं, अजून वर नेली. माझ्यापेक्षा 4 डेसिबल जास्त. ऑलिव्हच्या निबंधात आहेच की, सराव नसलेले लोक बेस जास्त मागतात. तिला हे सांगितलं नाही. डग्गा छातीत वाजत होता आणि मी उठून आवाज कमी केला नाही. खालच्या जोशीकाकूंचं काय करायचं ते उद्या बघू.