‘आठवण येते’ या दोन शब्दांपाशी अडलेली प्रश्नावली

मानसिक आघातानंतरची लक्षणे मोजणाऱ्या पीसीएल-५ या प्रश्नावलीच्या मराठी रूपावर मी गेले काही महिने काम करते आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय पीटीएसडी (आघातानंतरचा तणावविकार) केंद्राच्या या प्रश्नावलीत २० प्रश्न आहेत आणि गेल्या महिनाभरात प्रत्येक लक्षणाचा किती त्रास झाला, हे ० ते ४ या आकड्यांत सांगायचे असते.

पहिला प्रश्न आम्ही ‘त्या घटनेच्या नकोशा, त्रासदायक आठवणी वारंवार आल्या का?’ असा लिहिला. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या अनुवादकाने तो पुन्हा इंग्रजीत नेला, तेव्हा तो मुळाशी जवळजवळ शब्दशः जुळला आणि आम्ही निश्चिंत झालो. मग अपघातात तरुण मुलगा गमावलेल्या एका आईंना तो वाचून दाखवला. ‘आठवण येते ना, रोज येते. पण नकोशी कशी म्हणता, ताई?’ त्यांनी विचारले.

एखाद्याची आठवण येते असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात माया असते, ओढ असते, लक्षण नसते. पुन्हा इंग्रजीत नेलेल्या अनुवादात ही चूक दिसणे शक्यच नव्हते, कारण शब्द अचूक होते. ती सापडते ती ‘यातून तुम्हाला काय समजले, तुमच्या शब्दांत सांगा’ असे प्रत्येक प्रश्नानंतर विचारल्यावर, आणि वेळ कमी पडला की नेमका हाच टप्पा गाळला जातो, याचे मला फार वाईट वाटते. आता आम्ही ‘नको असताना अपघाताचे दृश्य डोळ्यांसमोर येते का?’ असे विचारतो. ‘सतत सावध असता का?’ या प्रश्नाचेही तसेच झाले. सावध असणे हा आपल्याकडे गुण आहे, त्यामुळे लोक समाधानाने होकार देत. तिथे ‘धास्ती’ हा शब्द आणावा लागला. ‘दचकणे’ मात्र जसेच्या तसे बसले.

इंडोचीनमधून (व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस) अमेरिकेत आलेल्या निर्वासितांसाठी तयार झालेल्या हार्वर्ड ट्रॉमा प्रश्नावलीत निदानाच्या ठरलेल्या १६ लक्षणांपुढे त्या निर्वासितांच्या अनुभवातली आणखी काही लक्षणे जोडलेली आहेत. तिच्याकडे पाहून आम्ही ‘धसका बसला आहे का?’ हा प्रश्न शेवटी वेगळा ठेवला आहे; त्याचे गुण बेरजेत धरत नाही. पीसीएल-५ च्या मूळ रूपासाठी सुचवलेली, पीटीएसडीची शक्यता धरण्याची एकूण ३१ ते ३३ गुणांची सीमारेषाही, तज्ज्ञांनी मराठीत घेतलेल्या मुलाखतींशी ताडून पाहिल्याखेरीज, मी वापरणार नाही.