शून्य शतकांचा सचिन

रविवारी दुपारी जेवण अंगावर आलं की शहाणी माणसं आडवी होतात. मी भाव बघत बसतो. सोन्याचे नाही, फ्लॅटचे नाही. क्रिकेटच्या जुन्या कार्डांचे. घ्यायचं काहीच नसतं, त्यामुळे घाईही नसते.

गेल्या रविवारी सचिन सापडला. ट्रम्प कार्डांच्या संचातला, कुरळ्या केसांचा, गालांवर अजून बाळसं असलेला. एका ठिकाणी साडेतीनशे रुपये. दुसऱ्या ठिकाणी तोच सचिन, तीच पोझ, बाराशे, टपालखर्च वेगळा. तिसरीकडे एका गृहस्थांनी किंमत लिहिलीच नव्हती, 'इनबॉक्समध्ये विचारा' एवढंच. भाव न लावणाऱ्याच्या दुकानाची पायरी आमच्या घरात कुणी चढत नाही, त्यामुळे तो बाद. फोटो मात्र सगळीकडे एकाच वळणाचे: फुलाफुलांची चादर, वर कार्ड, कडेला विकणाऱ्याचा अंगठा. बाराशेवाल्याच्या कार्डावर मधोमध रबरबँडचा वळ उठलेला स्पष्ट दिसत होता. खाली लिहिलेलं, 'अतिदुर्मिळ, अगदी नव्यासारखं.'

फोटो मोठा करून बघितला. शतकांच्या रकान्यात शून्य.

बरोबरच होतं. सचिनचं पहिलं एकदिवसीय शतक ९ सप्टेंबर १९९४ चं, कोलंबोत, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. तो त्याचा ७९ वा सामना होता. म्हणजे हा संच त्याआधी छापलेला. आमच्याकडेही तसलाच होता. मे महिन्याच्या सुट्टीत मिरजेला आत्याकडे गेलो की जेवणं झाल्यावर जिन्याखालच्या गार फरशीवर आमचा डाव पडायचा. पानं वाटायची, गठ्ठा उलटा धरायचा, वरचं पान एकट्यानेच बघायचं आणि रकाना पुकारायचा. ज्याचा आकडा मोठा, पान त्याचं. 'हायेस्ट स्कोअर!' म्हटलं आणि समोर व्हिव रिचर्ड्स निघाला की संपलं, नाबाद १८९. 'सेंच्युरी!' म्हटलं की डेस्मंड हेन्सची धास्ती. शतकांत तेव्हा त्याच्या पुढे कुणी नव्हतं. आणि आपल्या हातात सचिन आला तर? काय पुकारणार? सामने कमी, शतकं नाहीत, विकेटी जेमतेम. तो वर आला की पान गेलंच म्हणून समजायचं.

माझा आतेभाऊ यावर तोडगा काढायचा. सचिन वर येतोय असं दिसलं की खोकल्याचं निमित्त करून, मान वळवून, अंगठ्याने ते पान गठ्ठ्याच्या तळाला सारायचा. डाव हरला तरी चालेल, पण सचिन दुसऱ्याच्या हातात जाता कामा नये. आम्हा सगळ्यांना ते दिसायचं. कुणीही ओरडायचं नाही, कारण आपल्याकडे आला की आपणही तेच करणार होतो. त्या संचातलं सर्वांत कुचकामी पान तेच आणि कोपरे सर्वांत जास्त झिजलेलं पानही तेच.

असो. ही भाव बघण्याची खोड आईकडून आली. ती मंडईत शिरली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मेथी विचारत जायची, प्रत्येकीला 'बापरे' म्हणायची आणि शेवटी पहिल्याच बाईकडून घ्यायची. मी एवढंच केलं, ते शेवटचं घेणं गाळलं.

अमेरिकेतले कार्डवाले मात्र या बाबतीत पक्के. ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर विकणारा मागतो किती याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. विकून झालेल्या मालाची चाळणी लावायची आणि गेल्या तीनेक महिन्यांत ते कार्ड खरोखर कितीला गेलं ते बघायचं. त्यातही गोम आहेच. घासाघीस करून सौदा ठरला असेल, तर मूळ आकड्यावर आडवी रेघ दिसते आणि खरी रक्कम गुलदस्त्यात. ती हुडकून देणारी वेगळी संकेतस्थळं आहेत, मी तीही बघतो. लिलावगृहांत हातोडा पडला त्या रकमेवर घेणाऱ्याला आणखी वीसेक टक्के मोजावे लागतात. हे जमेला न धरता दोन ठिकाणचे भाव ताडून बघणं म्हणजे निव्वळ करमणूक. ईबेने भारतातलं दुकान २०१८ मध्ये गुंडाळलं. त्यामुळे आपण तिकडचा आकडा बघायचा, डॉलरच्या भावाने गुणायचं, टपाल आणि कस्टम मिळवायचं आणि चहा टाकायला उठायचं.

आकडे तरी कसले! बेसबॉलच्या मिकी मँटलचं टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेलं. आपले शंभर कोटींच्या आसपास. एका पुठ्ठ्याचे! आणि त्याच मालिकेचे न खपलेले खोकेच्या खोके कंपनीच्या साय बर्गर यांनी १९६० साली अटलांटिकमध्ये नेऊन बुडवले होते, गोदामात जागा हवी म्हणून. आपल्याकडे हे काम रद्दीवाला करतो. बास्केटबॉलच्या मायकेल जॉर्डनचं १९८६ चं फ्लीअर कंपनीचं कार्ड, दहापैकी दहा दर्जाचं, जानेवारी २०२१ मध्ये सात लाख अडतीस हजार डॉलरला गेलं. पुढे भाव असा कोसळला की तेव्हा घेणाऱ्याची झोप उडाली असणार. उलट इंग्लंडात सिगारेटच्या पाकिटातून निघालेली क्रिकेटपटूंची कार्डं शंभर वर्षांची झाली, तरी त्यातली पुष्कळशी काही पौंडांत मिळतात. तेव्हा वय झालं की किंमत येते, हे कार्डांच्या बाबतीतही खरं नाही.

दहापैकी दहा हा दर्जा पीएसएसारख्या कंपन्या देतात. कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र बरोबर मध्यावर आहे की नाही, सगळं भिंगाखाली बघायचं, आकडा लावायचा आणि कार्ड प्लास्टिकच्या जाड डबीत कायमचं बंद करायचं. नऊ आणि दहा यांतला फरक माझ्या डोळ्यांना आजवर दिसलेला नाही, भावात मात्र तो कित्येक पटींचा असतो. माझा त्या डबीवरच राग आहे. जे पान पिसता येत नाही, ज्याला घामट बोटं लागत नाहीत, जे खोकल्याच्या आड तळाला सारता येत नाही, ते घेऊन करायचं काय? आतेभावाच्या सचिनला त्या कंपनीने दहापैकी एकसुद्धा दिला नसता.

आतेभाऊ आता पुण्यात असतो. त्याला तिन्ही दुकानांचे फोटो पाठवले. लगेच उत्तर आलं, 'साडेतीनशेवाला घे, बाराशेवाला चोर आहे.' पाठोपाठ दुसरं, 'माझ्यासाठी पण बघ.' मी बघतो म्हटलं. बघतोच आहे.

बघता बघता त्या साडेतीनशेवाल्याचा बाकीचा माल चाळला. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची कार्डं होती. अंडरटेकर सहाशे रुपये! सचिन साडेतीनशे आणि अंडरटेकर सहाशे. ज्याच्या मारामाऱ्या आधीच ठरलेल्या, त्याला अडीचशे रुपये जास्त. मी त्या माणसाला तसा निरोप लिहिला, सभ्य भाषेत. त्याने विचारलं, 'सर, घेणार आहात का?'

नाही म्हटलं. पण म्हणून भाव चुकीचा लावायचा का?